जाळीतला कचरा

साधना मॅडमला गाडी चालवता येते ही बातमी यवतमाळला लागूनच्या लोहाऱ्याच्या त्या गल्लीत मॅडमच्याच तोंडून पसरली होती. शिकवणाऱ्यानं हात टेकले, शेजारणीनं फाटकाजवळच्या कुंड्या आत ओढून घेतल्या, पण बाई हटल्या नाहीत. एप्रिल संपता संपता त्यांनी जुनी पांढरी गाडी यवतमाळच्या एसटी स्टँडपर्यंत नेली आणि एकही ओरखडा न पाडता परत आणली. नवरा धम्मरत्न एसटीत कंडक्टर. "आयुष्यभर लोकायले फिरवलं, सुट्टीत तरी मले खाटेवर पडू दे," हे त्याचं दर उन्हाळ्याचं पालुपद. यंदा गाडी दारात, बायको स्टिअरिंगवर आणि नववीतली वैष्णवी मागच्या सीटवर उशी घेऊन तयार. पालुपद बंद पडलं.

साधना मूळची दिग्रसची. वडील भीमराज कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. पोरगी मास्तरीण झाली पाहिजे, एवढा एकच हट्ट त्यांनी जन्मभर केला आणि तो पुरा करून घेतला. दिग्रसपासून जवळच बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत साधना लागली ती तिथंच रमली; लग्नानंतर यवतमाळहून एसटीनं ये-जा सुरू झाली, पण शाळा बदलली नाही. सुरुवातीला पोरं आपसात त्यांच्या गोरबोलीत बोलायची आणि हिच्याकडे बघून हसायची. हिनं वर्षभरात गोरबोली शिकून घेतली. मग पोरं हिच्या उच्चारांना हसायला लागली.

फुलपाखरांचं वेड तिला याच शाळेत लागलं. आपला मुलूख कापसाचा. इथं अळी दिसली की माणूस आधी चप्पल काढतो, मग विचार करतो. एकदा वर्गात कढीपत्त्याच्या फांदीवर हिरवी अळी दिसली आणि तिसरीतल्या एकानं ती तिथल्या तिथं चिरडली. साधना चिडली. दुसऱ्या दिवशी तशीच एक अळी तिनं लोणच्याच्या बरणीत ठेवली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, रोज ताजा पाला घातला. अळीचा कोष झाला. एका शनिवारी सकाळच्या शाळेत, पाढे चालू असताना, तो कोष फाटला आणि आतून ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं. पाढे थांबले. पोरांनी श्वास धरून ठेवला, आणि बाईंनीही. त्या दिवसापासून तांड्यावर अळी मारायची बंदी झाली, निदान शाळेच्या कुंपणाच्या आत तरी.

पुढं हे वेड तांड्याबाहेर गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत साधना गावोगावी फुलपाखरांची शिबिरं घेऊ लागली. कोणत्या झाडावर कोणती अळी, कोष कसा ओळखायचा, फुलपाखरू बाहेर आलं की किती वेळ त्याच्याजवळ जायचं नाही, सगळं ती शिकवायची. नियम मात्र एकच, आणि तो पोरांकडून ओरडून घ्यायची: "हाती पंख, शिबिर बंद!" ज्याच्या हाती फुलपाखराचा पंख दिसला त्याचं नाव कटलं. मारलं की सापडलं, विचारायचंच नाही. विचारत बसलं की पोरं गोष्टी रचतात, असं तिचं म्हणणं. याच मे महिन्यात दिग्रसच्या शिबिरात एका वकिलाच्या मुलानं काडेपेटीत पंख आणले. त्याचं नाव कटलं. वकीलसाहेब तावातावानं आले, कायदा बोलले, पण मॅडम ढिम्म. "नियम सगळ्यांना सारखा," एवढंच म्हणाल्या. या प्रसंगाचा तिला मनातून फार अभिमान होता, आणि तो मनात ठेवणाऱ्यांतली ती नव्हती.

या उन्हाळ्यात तिनं आणखी एक गोष्ट मनावर घेतली होती. तांड्यावरच्या पूनमसिंगची मुलगी रंजिता. चौथीपर्यंत साधनाच्याच हाताखाली शिकली, यंदा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पोरगी कमी बोलायची, पण पानामागचा कोष तिला आधी दिसायचा. तिला अकरावी सायन्सला यवतमाळात घालायचं, आपल्याच घरी ठेवायचं, असं साधनानं ठरवलं होतं. पूनमसिंग तयार होत नव्हता. तांड्यावरची एकही पोरगी शिकायला अशी बाहेर राहिली नव्हती, आणि चार माणसं चार तोंडांनी बोलणार. शेवटी त्याची म्हातारी आई लालीबाई मध्ये पडली. म्हातारीचे कान गेलेले, पण शब्दाला वजन होतं. ठरलं असं, की जूनमधल्या यवतमाळच्या शिबिरात रंजितानं मॅडमची मदतनीस म्हणून आठवडाभर त्यांच्या घरी राहायचं. ते नीट पार पडलं तर अकरावी. नाही तर दिग्रसच, आणि मग दिग्रससुद्धा किती दिवस, हे सांगता येत नव्हतं.

शिबिराच्या आधी सहल उरकायची म्हणून जूनच्या सुरुवातीला साधनानं कुटुंबाला गाडीत घातलं आणि वेरूळ-अजिंठ्याला नेलं. सहल छान झाली. धम्मरत्न लेण्यांत डोळे मिटून बसला, आणि तो ध्यान करतोय की झोपलाय यावर मायलेकींची पैज लागली. परतताना वाशीम मागं पडलं, नवा कोरा रस्ता लागला, आणि साधनानं जरा पाय दाबला.

तेव्हा ती आली. आधी दोन-चार, मग एकदम हजारोंनी. पिवळी, फिकट हिरवट, रस्ता ओलांडून एकाच दिशेनं जाणारी फुलपाखरं. वैष्णवी ओरडली, "आई, बघ! बघ!" आणि मोबाईल काढला. साधनाचा आनंद मनात मावेना. एवढी वर्षं शिबिरं घेतली, पण असा थवा तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"स्थलांतर आहे हे, वैशू! बहाव्यावर वाढतात ही. पावसाच्या आधी निघतात. काढ, नीट काढ, शिबिरात दाखवू!"

काचेवर दोन-तीन आपटली. साधनानं जीभ चावली आणि वायपर फिरवला.

"अगं, मरत असतील ना गं?" वैष्णवीनं विचारलं.

"काचेवर एखादं येतं. बाकीची गाडीच्या वाऱ्यानं वर उचलली जातात. वरून निघून जातात," साधना म्हणाली. असं तिनं कुठं वाचलं नव्हतं. पण शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर बाहेर पडतंच, खरं असो नसो. मागून ट्रक येत होता, गाडी हळू करायला जागा नव्हती, असंही तिनं स्वतःला सांगितलं. धम्मरत्न समोर बघत बसला.

दिग्रस जवळ आलं तसा तापमानाचा काटा चढायला लागला. इंजिन तापलं. तांड्याचा फाटा समोरच होता, म्हणून तिनं गाडी पूनमसिंगच्या दारात नेऊन उभी केली. पूनमसिंगनं तरुणपणी जीप चालवलेली, त्याला यातलं कळत होतं. "तुमी आत बसा जी, चहा घ्या. मी पाह्यतो," तो म्हणाला. साधना आत गेली आणि घरातल्या सगळ्यांना, भिंतीला टेकून बसलेल्या लालीबाईलासुद्धा, वैष्णवीच्या मोबाईलवर तो थवा दाखवू लागली. "आणि बघा, गाडी आली की कशी वरून निघून जातात!" रंजिता दारात उभी होती. ती एकदा मोबाईलकडे बघत होती, एकदा बाहेर बापाकडे.

अर्ध्या तासानं पूनमसिंग हात पुसत आला.

"काय झालं होतं दादा?"

"काई नाई जी. इंजिनासमोरच्या जाळीत कचरा अडकला होता. काहाडला."

गाडी गार झाली होती. साधना त्याचे आभार मानून, शिबिराची तारीख पुन्हा बजावून, मजेत यवतमाळला गेली.

यवतमाळच्या शिबिराला एका शाळेचा हॉल मिळाला होता. पोरांनी हॉल भरला, पालक भिंतीला टेकून उभे राहिले. धम्मरत्न सुट्टी घेऊन पाण्याचे जार वाहत होता. उद्घाटनाच्या आधीच पूनमसिंग, लालीबाई आणि रंजिता येऊन पोचले. रंजितानं नवा पंजाबी ड्रेस घातला होता, पाठीवर कपड्यांची पिशवी. लालीबाईच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ती ते मॅडमशिवाय कुणाला हात लावू देत नव्हती.

साधनानं तिला मायेनं पुढं आणलं. माईकवर म्हणाली, "ही आपल्या रंजिताची आजी. आमच्या तांड्यातलं कशिद्याचं काम कसं असतं ते बघा!" आणि कापड सोडून तिनं आतली खांद्याला लावायची झोळी सगळ्यांसमोर उंच धरली. लाल कापड, कडेनं कवड्या, निळ्या-पांढऱ्या दोऱ्याचे घट्ट टाके. बंजारा बायकांच्या घागऱ्यावर आरसे असतात तशा गोल चकत्या मधोमध. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठून उभी राहिली. "मॅडम, त्यात खरे पंख आहेत!"

साधनानं झोळी खाली घेतली आणि पाहिलं. आरशांच्या जागी साडीच्या पाकिटाचं प्लॅस्टिक गोल कापून टाचलं होतं, आणि प्रत्येक गोलाखाली एक पिवळा पंख होता. एक नाही, दोन नाही. सगळी झोळी पंखांनी भरली होती.

हातातली वस्तू टाकून द्यावी की छातीशी लपवावी, साधनाला कळेना. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "हाती पंख..." आणि पोरं पुढचं म्हणायला थांबली. सगळे मॅडमकडे बघत होते. त्या गर्दीत दिग्रसचे वकीलसाहेब नव्हते, पण साधनाला ते समोर उभे असल्यासारखे वाटले.

"रंजिता," ती म्हणाली. "हे तुला माहीत होतं?"

"हो मॅडम."

"एवढी फुलपाखरं? तू? तुला मी शिकवलं!"

रंजितानं बापाकडे पाहिलं. पूनमसिंगनं मान खाली घातली होती.

"नियम सगळ्यांना सारखा," साधना म्हणाली. "तुझं नाव कटलं. तू घरी जा."

पूनमसिंग पुढं आला आणि त्यानं हात जोडले. "चुकलं जी आमचं. येतो आमी." त्यानं आईचा दंड धरला. "याडी, चाल." लालीबाईला काहीच ऐकू आलं नव्हतं. मॅडम माईकवर आपलंच कौतुक करतायत असं समजून ती बोळकं पसरून हसत होती. दारातून बाहेर पडेपर्यंत ती वळून वळून सगळ्यांना हात जोडत राहिली.

शिबिर सुरू झालं म्हणायचं. साधनानं फळ्यावर अळीचं चित्र काढलं आणि अर्ध्यातच सोडलं. पोरांना वैष्णवीच्या हवाली करून ती मागच्या दारानं बाहेर आली. तिथं धम्मरत्न रिकाम्या जारवर बसला होता.

"बघितलंस?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर! इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी..."

"साधना," धम्मरत्न म्हणाला, "थे पाखरं तुह्या गाडीतले होय."

"माझ्या गाडीतली?"

"पूनमसिंगनं जाळीतून काहाडले. हातानं, एक एक. थर बसला होता. मी उभा होतो तिथं. आमच्या बसच्या तोंडावरबी असाच बसते कधी कधी. थो मले म्हणे, मॅडमले सांगू नका, लय खुश हायेत. मीबी म्हटलं, जाऊ दे."

"कचरा..." साधना म्हणाली.

"थो म्हणे कचरा."

गाडी समोरच कडुनिंबाखाली उभी होती. साधना तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. सहलीहून आल्यावर तिनं गाडी धुतली होती, काच चकचकीत केली होती, पण खाली वाकून कधी पाहिलंच नव्हतं. जाळीच्या आत, बोट पोचणार नाही अशा जागी, पिवळे तुकडे अजून चिकटलेले होते. वाळून कडक झालेले. ती नुसती बघत बसली.

"बस किती वाजता आहे त्यांची?" एकदम उठून तिनं विचारलं.

धम्मरत्ननं फोन काढला. दिग्रसची बस स्टँडवरून नुकतीच सुटली होती. कंडक्टर त्याच्या ओळखीचा निघाला. "अबे, लोहाऱ्याच्या थांब्यावर जराशीक थांबव. म्हातारी आन पोरगी बसली हाये, उतरू देऊ नको. येतोच."

साधना गाडीत बसली आणि सुसाट निघाली. दोन चौक गेल्यावर तिचं लक्ष वेगाच्या काट्याकडे गेलं. तिनं दचकून पाय उचलला. मागच्या ऑटोवाल्यानं शिवी हासडली. धम्मरत्न या खेपेलाही समोरच बघत होता.

थांब्यावर बस उभी होती आणि आतले प्रवासी कुरकुरत होते. साधना चढली तसा पूनमसिंग सीटवरून उठला आणि त्यानं पुन्हा हात जोडले.

"हात जोडू नका दादा," ती म्हणाली. एरवी शुद्ध बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडून भीमराज हमालाच्या घरची बोली बाहेर पडली. "काहून सांगतलं नाही मले?"

पूनमसिंग गोंधळला. "कसं सांगाव जी? तुमी पोराइले सांगून राह्यल्या होत्या का सारी वरून उडून जातात म्हणून. तुमच्या तोंडावर कसं म्हणाव का सारी मेली?"

"आन आज? तुमच्या पोरीचं नाव कटून राह्यलं होतं!" ती रंजिताकडे वळली. "तू तरी बोलायचं होतं बाई."

रंजितानं खिडकीबाहेरची नजर आत आणली. "तिथं सारे पोट्टे होते, मॅडम," ती म्हणाली.

आता साधनाला कळलं. आपल्याला सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं. नवऱ्यानं, बापानं, या एवढ्याशा पोरीनं. आणि आपण तिला भर हॉलमध्ये काढून दिलं. बसच्या दांड्याला धरून ती उभी राहिली.

मॅडम दिसल्याबरोबर लालीबाईचा चेहरा मात्र फुलला. तिनं साधनाचा पदर धरून तिला शेजारी बसवलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "आवडली का वं बाई? तुले पाखराइचं लय येड. मोबाईलमधे कशी हरखून दाखवून राह्यली होती! म्हटलं, मातीत कायले टाकाव. अजून हायेत. दुसरीबी करून देतो."

आणि तिनं कमरेजवळच्या गाठोड्यातून स्टीलचा डबा काढून झाकण उघडलं.

डबा काठोकाठ पंखांनी भरलेला होता. खिडकीतून वारा आला आणि वरचे काही उडाले. एक पुढच्या माणसाच्या खांद्यावर बसला, एक साधनाच्या गुडघ्यावर. बसमध्ये कुरकुर थांबली. साधनानं गुडघ्यावरचा पंख उचलून पुन्हा डब्यात ठेवला आणि झाकण रंजितानं लावलं.

"दादा," साधना म्हणाली, "पोरीले माह्यासोबत येऊ द्या."

"नाव त कटलं ना जी."

"कटलं ते माहं. शिबिर रंजिता शिकवल. मी पोराइत बसतो. हा डबा पोराइसमोर मांडतो आन सांगतो कोणाच्या गाडीनं भरला."

पूनमसिंगनं आईकडे पाहिलं, मग मुलीकडे. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"जाशीन का?" त्यानं रंजिताला विचारलं. या सगळ्या ठरवाठरवीत तिला कुणी विचारलेलं हे पहिल्यांदाच.

रंजितानं आजीच्या मांडीवरचा डबा उचलला, पाठीवर पिशवी घेतली आणि खाली उतरली. बस निघाली. मागच्या खिडकीतून लालीबाई हात हलवत होती.

धम्मरत्न मागं बसला. साधनानं रंजितासाठी पुढचं दार उघडलं. पण रंजिता आधी गाडीच्या तोंडासमोर गेली, वाकून जाळीत पाहिलं, आणि मग येऊन बसली. डबा तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरला.

"मॅडम," ती म्हणाली, "हळू चालवसान ना?"

"हो," साधना म्हणाली. पण बराच वेळ तिचा हात किल्लीकडे गेला नाही.